कोरकू पोरांसाठी कोरकू शिक्षक तयार करताना

अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तेहतीस वर्षं शिकवलं. घरची भाषा कोरकू, शेजारची हिंदी, शाळेची मराठी, तिन्हींत वाढले. निवृत्तीनंतर गावोगावच्या बारावी झालेल्या, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करणाऱ्या कोरकू आदिवासी मुला-मुलींना पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळायला तयार करते. संस्थांचे कार्यकर्ते, केंद्रप्रमुख, ग्रामसभेची मंडळी नेहमी विचारतात, "मॅडम, आम्हालाही आमच्या भागात करायचंय, सुरुवात कुठून करू?" गोंड, कोलाम, पावरा, वारली भागातूनही विचारणा येते. म्हणून जे केलं, जे चुकलं आणि जे आता तसंच करते, ते सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासूनच सुरू होतं.

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. पावसाळा होता. पाठ पाण्याचा. मी विचारलं, "पाणी कुठून येतं?" मागच्या रांगेतला एक पोरगा उभा राहिला आणि कोरकूत सांगू लागला. डोंगरावर पाऊस पडला की आधी ओढ्याचं पाणी गढूळ होतं, मग चढतं, मग सिपना नदीला मिळतं. गढूळ दिसलं की गुरं पलीकडे न्यायची नाहीत. त्याचा शब्द न् शब्द मला कळला. इतकं नेमकं उत्तर पुस्तकातही नव्हतं. आणि मी म्हणाले, "मराठीत सांग." तो खाली बसला. त्या वर्षात तो पुन्हा आपणहून उभा राहिला नाही.

मला त्याची भाषा येत होती. तरी मी तेच बोलले, जे माझ्या लहानपणी माझे गुरुजी मला बोलले होते. त्यांना कोरकू येत नव्हती, एवढाच फरक. म्हणून आदिवासी शिक्षक नेमला की आदिवासी मूल शिकेल हा हिशेब अर्धाच आहे. जो तरुण आपल्याकडे प्रशिक्षणाला येतो, त्याच्या अंगात त्याचे स्वतःचे बारा वर्षांचे गुरुजी मुरलेले असतात. खडू हातात घेतला की तो त्यांच्याच आवाजात बोलायला लागतो. आपलं अर्धं काम तो आवाज उतरवण्याचं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे अक्षरं, गणित, पाठाची आखणी.

निवड कशी करायची

मी बारावीचे गुण पाहते, पण शेवटी. आधी उमेदवाराला गावातल्या ओसरीवर पाच-सहा लहान मुलांसोबत बसवते आणि सांगते, "यांना अर्धा तास रमव. काहीही कर." कागद नाही, खडू नाही. मी लांब बसते. कोण मुलांच्या पातळीला खाली बसतं, कोण उभ्यानंच सूचना देतं, कोण गोष्ट सांगता सांगता मुलाचं नाक पुसतं, कोण फक्त हुशार मुलाशी बोलतं, हे अर्ध्या तासात उघडं पडतं. एक मुलगी बारावीला जेमतेम पास झालेली होती. तिनं चिखलाचे बैल करायला लावले आणि प्रत्येकाला "तुझा बैल कुणाकडून आणला, कितीला?" असं विचारत गेली. सहाही पोरं बोलली. तिला मी तिथल्या तिथे घेतलं.

नावं ग्रामसभेत ठरू द्या. सरपंचाचा पुतण्या आणि संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर ही दोन नावं हमखास पुढे येतात. ग्रामसभेत बायका बसल्या असतील तर त्या बरोबर नावं सांगतात, कारण कोणाच्या मागे पोरं धावतात ते त्यांनाच ठाऊक असतं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, त्याचा उपयोग फक्त तेंदूपत्ता आणि बांबूपुरता का ठेवायचा? गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावनं २०१९ मध्ये ग्रामसभेच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तेवढी झेप सगळ्या गावांना जमणार नाही. पण आपल्या पोरांना कोण शिकवणार यावर गावानं तोंड उघडावं, एवढं तर कुठेही जमतं.

मुली निम्म्या हव्यातच. त्यासाठी नुसतं "मुलींना प्राधान्य" लिहून भागत नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर बाळासोबत आजी किंवा नणंद येऊ द्या, तिच्या जेवणाचा खर्च धरा, वर्गाच्या शेजारच्या खोलीत झोळी बांधा. मुक्कामाच्या जागी संडास आणि आतून लागणारी कडी आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी चार मुली घरी गेल्या आणि कुणी कारणही सांगितलं नाही.

कधी घ्यायचं

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची असतात. मग तेंदूपत्ता. होळीच्या आसपास तर कोणतंही प्रशिक्षण ठेवूच नका. मेळघाटात होळी हाच मोठा सण, बाहेर गेलेलं माणूस त्यालाच परत येतं आणि त्यानंतरचे दिवस फगवा मागत फिरण्याचे. पाऊस पडला की पेरणी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. ही आमच्यासाठी सोयीची गोष्ट आहे. तेंदू संपल्यानंतर आणि पेरणी लागण्याआधीचे दहा-बारा दिवस मोकळे मिळतात. तेव्हा पहिला टप्पा घ्या, सगळे एकत्र, निवासी. त्यानंतर दर महिन्याला दोन दिवस, मधल्या काळात प्रत्येकाच्या वर्गात आपण जायचं. सलग महिनाभराचं शिबिर मला पटत नाही. दहाव्या दिवसानंतर ऐकलेलं डोक्यात राहत नाही आणि घरी बकरी विकायची वेळ आलेली असते.

पहिले तीन दिवस फक्त कोरकू

पहिल्या सकाळी सगळ्यांना कागद देते. स्वतःचं नाव, गाव, आणि काल घरून निघताना काय झालं ते चार ओळींत कोरकूत लिहायचं. खोलीत शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, कोरकू लिहिता येत नाही ना." बी.ए. झालेली पोरंही हेच म्हणतात. देवनागरी येते, कोरकू येते, दोन्ही जोडून पाहिलेलं नसतं. मी थांबते. दहा मिनिटांनी पेनं चालू लागतात. शेजारी शेजारी बसलेले एकमेकांत भांडतात, हा आवाज "ए"नं लिहायचा की "या"नं. भांडू द्या. धारणीकडची आणि चिखलदऱ्याकडची बोलणी थोडी वेगळी, मध्य प्रदेशातल्या बैतूल-खंडव्याची आणखी वेगळी. पहिल्या वर्षी एकच शुद्ध कोरकू ठरवायच्या फंदात पडू नका. ज्या गावात शिकवायचं, त्या गावचं लिहायचं.

दुपारी फळ्यावर तीन चित्रं काढते. एक कुत्रा, दोन कुत्रे, पुष्कळ कुत्रे. विचारते, कोरकूत काय म्हणाल? सिता, सिताकिंग, सिताकू. मराठीत एकवचन आणि अनेकवचन एवढंच. इथे दोघांसाठी वेगळं रूप आहे, शाळेत ज्याला द्विवचन म्हणतात आणि जे संस्कृतात शिकवलं जातं. गेल्या वर्षीच्या तुकडीत हे पाहिल्यावर एक मुलगा उठून फळ्याजवळ गेला आणि "किंग"वर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे आपल्यात पहिल्यापासून आहे?"

त्याच दुपारी मी घर आणि दगड काढते. एक घर, दोन घरं, पुष्कळ घरं. उरा, उरा, उरा. थोड्या वेळात कुणीतरी ओरडतंच: "घराला कू लागत नाही!" का लागत नाही ते मी सांगत नाही. बकरी, वाघ, भांडं, पोरगी, टोपली अशी यादी देते आणि त्यांनाच दोन ढीग करायला लावते. तासाभरात नियम त्यांचा तेच काढतात: जीव असलेल्याला लागतो, नसलेल्याला नाही. मग शेवटचा प्रश्न: "कोरकू या शब्दाच्या शेवटी काय आहे?" कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. आपल्या जमातीच्या नावात आपलंच व्याकरण बसलेलं आहे, हे त्यांना तिथे दिसतं. स्वाभिमानावरची शंभर भाषणं ऐकून जे होत नाही ते या एका दुपारी होतं, म्हणून ती दुपार मी कधीच गाळत नाही.

तुमची भाषा दुसरी असेल तर हाच धडा तिच्यातून शोधा. कोरकू मुंडा कुळातली, संताली-मुंडारीच्या नात्यातली. गोंडी आणि कोलामी द्राविडी, तेलुगूच्या नात्यातल्या. वारली आणि भिली मराठी-गुजरातीच्या जवळच्या, आणि तिथे अडचण आणखी अवघड, कारण मुलाचं बोलणं शिक्षकाला "अशुद्ध मराठी" वाटतं. तिथल्या नव्या शिक्षकाला आधी हे दाखवावं लागेल की त्याची आई चुकीचं बोलत नाही, तिच्या बोलण्याला तिचे नियम आहेत.

मराठीची चूक कुठून येते

चौथ्या दिवशी मराठी आणते. नव्या शिक्षकांना मुलांच्या वह्यांमधली वाक्यं देते. "गाय आला." "माझा आई शेतात गेला." नेहमीचा शेरा असतो: लक्ष नाही, घरी अभ्यास नाही. मी म्हणते, आता पहिल्या दिवशीचे आपले ढीग आठवा. कोरकूत नामाचा भेद सजीव-निर्जीव असा आहे. तो, ती, ते ही वाटणीच नाही. मग "खुर्ची ती आणि टेबल ते" हे त्या मुलानं कशाच्या आधारानं ओळखायचं? चूक कुठून आली ते कळलं की शिक्षकाचा हात आपोआप आखडतो.

मग करायचं काय? वाक्य तोडायचं नाही. मूल म्हणालं, "गाय आला." आपण म्हणायचं, "हो, गाय आली! कुठून आली? कोणाची गाय आली?" बरोबर रूप त्याच्या कानावर तीनदा पडलं आणि बोलणंही पुढे गेलं. हे ऐकायला सोपं आहे, तोंडात बसायला आठवडा लागतो. जोडीजोडीनं सराव घ्या. एकानं चुकीचं वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं त्याला न टोकता उत्तर द्यायचं. "चुकलं" हा शब्द निघाला की पुन्हा पहिल्यापासून.

एक मजबूत पूलही आहे, तो दाखवायला विसरू नका. हिंदीत "हम" एकच. मराठीत आम्ही आणि आपण वेगळे. समोरच्याला धरून "आपण", सोडून "आम्ही". कोरकूतही हाच भेद आहे: आबुंग आणि आले. म्हणजे "आपण जेवू" आणि "आम्ही जेवू" यातला फरक कोरकू मुलाला हिंदीवाल्यापेक्षा लवकर कळायला हवा, फक्त कुणी तो जोडून द्यायला हवा. लहानपणी मी गुरुजींना काहीतरी सांगताना "आले..." अशी सुरुवात केली की ते दाराकडे पाहायचे, कोण आलं म्हणून. आमचं "आम्ही" त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. हा प्रसंग मी सांगते तेव्हा प्रशिक्षणातल्या प्रत्येकाकडे आपापला असा एक प्रसंग निघतो. त्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवा. काही जण रडतात. रडू द्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागा.

पहिलं वाचन

ज्या शब्दाचं चित्र मुलाच्या डोळ्यापुढे उभं राहत नाही, त्या शब्दानं अक्षर शिकवू नये. ठशाचा ठ, एडक्याचा ए हे आमच्याकडे मुलं सुरात म्हणतात आणि अक्षर एकटं दाखवलं की गप्प होतात. म्हणून नव्या शिक्षकांकडून गावचे शब्द गोळा करून घेते. सिता म्हणजे कुत्रा, सिम कोंबडी, कुला वाघ, उरा घर, डा पाणी. यातून स, त, म, क, ल, र, ड, उ ही अक्षरं आणि काना, वेलांटी, उकार मिळतात. पहिला महिना एवढ्यावरच. चित्र, शब्द, मग शब्दातलं अक्षर, मग त्याच अक्षरांचा दुसरा शब्द. "कुला" वाचायला मुलं किती उतावीळ होतात ते एकदा पाहाच. व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतली पोरं आहेत, वाघाबद्दल प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतंच.

आणि मग याच अक्षरांतून मराठी निघते: मका, काम, सात, लाल, मासा, तार. मका तर शेतातच आहे. लिपी एकच असल्यामुळे कोरकूत वाचायला शिकलेलं मूल मराठीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही. पालकसभेत हे मका-कुला फळ्यावर लिहून दाखवा. "पोराला कोरकूच शिकवणार असाल तर शाळा कशाला?" हा प्रश्न बाप विचारतो, आणि तो बरोबर विचारतो. त्याला मराठी, हिंदी, इंग्रजी हवी आहे, दवाखान्यात आणि बँकेत त्याची अडवणूक झालेली असते. त्याला सांगायचं की मराठी येणारच आहे, पाय ठेवायला दगड कोरकूचा आहे.

पुस्तकं लागतील. छापखान्याकडे धावू नका. आठ पानांची, पानाला एक चित्र आणि एक ओळ, अशी पुस्तकं नवे शिक्षक स्वतः करतात. अट एकच: पुस्तक गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवायचं. ती हसली किंवा म्हणाली "असं कोण बोलतं?", तर ओळ बदलायची. मग झेरॉक्स. वर्षभर वापरून जे फाटलं, ते चांगलं पुस्तक.

गणित

कोरकू अंक गावागणिक थोडे हलतात, पण साधारण असे: मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई, तुरुई, येई, इलार, आरेई, गेल. आजच्या तरुणांपैकी बऱ्याच जणांना पाचाच्या पुढे अडखळायला होतं, कारण बाजारात सगळे हिंदीत मोजतात. लाजू नका म्हणावं, आजीला विचारून या. हा पहिल्या रात्रीचा गृहपाठ.

मराठी अंकांची खरी अडचण दहाच्या पुढे सुरू होते. अकरा, बारा, तेरा यांत दहा कुठे दिसत नाही. एकोणतीस म्हणताना कानाला तीस ऐकू येतं आणि पाटीवर दोन लिहायचा असतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याच्यासाठी ती वाट फार चांगली होती. आमच्या वर्गात आम्ही दोन्ही म्हणतो. आधी काड्यांच्या जुड्या: दहाची एक जुडी, वर तीन सुट्या. "दहा आणि तीन" हे कोरकूत म्हणायचं, मग मराठीत "दहा तीन", आणि हात त्याच जुडीवर ठेवून "तेरा". जुडी मुलानं स्वतः बांधलेली असली पाहिजे. शिक्षकानं बांधून आणलेल्या जुड्या मुलं सोडवून मोजत बसतात, कारण आत खरंच दहा आहेत यावर त्यांचा विश्वास नसतो, आणि का असावा?

सराव खऱ्या मुलांवर

प्रशिक्षणार्थींनी एकमेकांना "मुलं" समजून पाठ घ्यायचे, ही पद्धत मी बंद केली. तेवीस वर्षांचा मुलगा सहा वर्षांचं असल्याचं नाटक करतो, त्यातून कोणी काही शिकत नाही. शिबिराच्या गावातली खरी मुलं बोलवा, त्यांना खाऊ द्या, आणि रोज सकाळी प्रत्येकाचा बारा मिनिटांचा पाठ घ्या. बाकीचे मागे बसून फक्त तीन गोष्टी टिपतात: किती मुलं बोलली, कोणत्या भाषेत बोलली, आणि कोण एकदाही बोललं नाही. फळ्यावरचं अक्षर, आवाज, हावभाव याबद्दल पहिले पाच दिवस एक शब्द नाही. पाठानंतर आधी ज्यानं घेतला तो बोलतो, आणि न बोललेल्या मुलाबद्दलच बोलतो. उद्या त्याच मुलाला बोलतं कसं करायचं, हे ठरवून मगच चहा.

तो पाण्याचा पाठ मी प्रत्येक तुकडीकडून घेऊन पाहते. "पाणी कुठून येतं?" एवढाच प्रश्न द्यायचा. गेल्या वर्षी एका मुलीनं सुरुवातच केली, "सिपना म्हणजे काय?" मुलं एका सुरात म्हणाली, झाड. कोरकूत सिपना म्हणजे साग. "मग नदीचं नाव झाडाचं कसं?" त्यावर दहा मिनिटं वर्ग कोरकूत भांडत होता आणि तिनं मध्ये तोंड घातलं नाही. शेवटच्या दोन मिनिटांत तिनं त्यांच्याच बोलण्यातले साग, नदी, डोंगर, पाऊस हे चार शब्द मराठीत फळ्यावर घेतले. मी वहीत काही टिपलं नाही त्या दिवशी.

आणखी एक, वर्गाच्या भिंतीत अडकू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली, कारण पोरं गुरांमागे होती. आपल्या नव्या शिक्षकांनी पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाच्या घरी एक संध्याकाळ काढावी. प्रगतीपत्रक घेऊन नाही, रिकाम्या हातानं.

शाळेत त्याची जागा

तयार झालेला शिक्षक शाळेत पाठवला आणि आपण निघून आलो, की बिघडतं. मी तयार केलेल्या एका मुलाला एका शाळेत तीन महिने खिचडीचे तांदूळ मोजायला आणि ऑनलाइन माहिती भरायला बसवलं होतं. तो बोलला नाही, मलाही उशिरा कळलं. तेव्हापासून मी आधीच मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि आम्ही असा एक कागद करून घेते. रोजचे पहिले दोन तास पहिली-दुसरी त्याच्या हातात. शिक्षकांच्या खोलीत त्याला खुर्ची. हजेरीपटाशेजारी त्याचं नाव. मानधन कोण, किती तारखेला देणार. खुर्चीची गोष्ट बारीक वाटेल, पण मुलं ती पाहतात.

बाहेरून आलेल्या मराठी शिक्षकाला शत्रू समजू नका, नव्या पोरांनाही समजू देऊ नका. कितीतरी गुरुजी पावसाळ्यात पूल वाहून गेलेल्या गावांत एकटे राहतात. त्यांना जोडीला घ्या. कोरकू शिक्षकानं त्यांना रोज एक कोरकू वाक्य द्यायचं, त्यांनी पाठाची आखणी आणि मराठी उच्चार तपासून द्यायचे. कुणी नियमांवर बोट ठेवलं तर तेही सांगा: संविधानातलं ३५०क हे कलम प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दलच आहे, आणि शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की व्यवहार्य असेल तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी. ओडिशानं २००७ मध्ये दहा आदिवासी भाषांत हे काम सरकारी शाळांत सुरू केलं, त्यात कोरकूची नातलग संतालीही आहे. आपण काही जगावेगळं करत नाही.

टीईटीचा अभ्यास

हे काम करताना मानधनावर पोरांची उमर घालवू नका. त्यांना पक्की नोकरी मिळाली पाहिजे आणि तिची वाट डी.एल.एड., टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि पुढच्या भरतीतून जाते. टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. भाषांच्या यादीत कोरकू नाही, त्यामुळे आपली पोरं मराठी आणि इंग्रजीत मागे पडतात, गणितात नाही. दर महिन्याच्या दोन दिवसांतली एक संध्याकाळ फक्त जुन्या प्रश्नपत्रिकांची. आंध्रनं अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सगळ्या जागा आदिवासींना दिल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणजे केवळ आरक्षणाच्या भरवशावर राहून चालणार नाही, पोरं परीक्षेत उतरून निघाली पाहिजेत. इंग्रजी व्याकरणाला गावात कोणी मिळत नसेल तर बँकेतला साहेब, आरोग्य केंद्रातली डॉक्टर, कुणालाही धरा. माझ्याकडे एक परिचारिका दोन वर्षं येत होती.

दिवाळीनंतर

दिवाळी झाली की गावं रिकामी होऊ लागतात. आईबाप कामाला निघतात, पोरं सोबत. या दिवसांसाठी नव्या शिक्षकाला जूनपासूनच तयार करा. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून कुठे जाणार ते विचारून वहीत लिहायचं. शिक्षण हमी कार्ड भरून द्यायचं, म्हणजे तिथल्या शाळेत बसवून घेतील. गावात हंगामी वसतिगृह उघडत असेल तर ज्यांची आजी मागे राहते, त्यांना थांबवून घ्यायचं. आणि जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत आपण केलेली दोन पुस्तकं आणि शिक्षकाचा मोबाइल नंबर पाठपुठ्ठ्यावर ठळक अंकांत. एका मुलीनं परतवाड्याच्या बाजूच्या वीटभट्टीवरून फोन करून "कुला"चं पुस्तक पूर्ण वाचून दाखवलं होतं, मागे ट्रॅक्टर चालू होता.

होळीला मुलं परत येतात. त्या दिवशी चाचणी घेऊ नका, राहिलेला अभ्यासक्रम काढू नका. गोल करून बसवा आणि विचारा, तिकडे काय पाहिलं, विटा कशा मोजतात, शंभर विटांचे किती मिळतात, मुकादम कोणत्या भाषेत बोलतो. जे सांगतील ते कोरकूत फळ्यावर घ्या. पुढच्या दोन आठवड्यांचं गणित आणि वाचन त्यातूनच काढायचं.